उतारवयातले पायांचे बळ

वार्धक्यात माणूस घरात बसून राहू लागतो, त्यामागे सांधे, डोळे, हृदय अशी अनेक कारणे असतात. सर्वांत दुर्लक्षित कारण मात्र स्नायूंची झीज हे आहे. चाळिशीच्या आसपास ती नकळत सुरू होते आणि साठीनंतर वेग घेते. १९८९ मध्ये अमेरिकन संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी तिला ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले.

स्नायूत मंद आणि वेगवान असे दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. सावकाश, लांब चालायला मंद तंतू पुरतात. झटकन उठायला, ठेच लागताच तोल सावरायला वेगवान तंतू लागतात आणि वयाचा घाला आधी त्यांच्यावरच पडतो. त्यामुळे रोज सकाळी फिरून येणारे आजोबाही घरातल्या उंबऱ्यापाशी अडखळून पडू शकतात.

हे बळ किती उरले आहे, ते खुर्चीतून उठताना दिसते. ज्याच्या मांड्या कमजोर झाल्या आहेत तो आधी खुर्चीच्या कडेला सरकतो, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवतो, एकदा पुढे झुकून पाहतो, मग झोका घेऊन उठतो आणि उभा राहिल्यावर क्षणभर थांबतो. तपासणीत हात छातीवर बांधून लागोपाठ पाच वेळा उठबस करायला सांगतात. त्याला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर बळ कमी झाले असे धरतात. हात न टेकता एकदाही उठता येत नसेल, तर शौचालयात एकट्याने जाणेही लवकरच कठीण होते आणि पुढच्या सगळ्या परावलंबनाची सुरुवात तिथूनच होते.

ही झीज पूर्ण थांबवता येत नाही, पण गेलेले बळ बऱ्याच अंशी परत मिळवता येते, तेही नव्वदीत. १९९० मध्ये मारिया फियातारोने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या एका वृद्धसेवा संस्थेतील नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले. व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. वृद्धांना हलक्या हालचालींपलीकडे काही झेपत नाही, हा समज या प्रयोगाने खोटा ठरवला.

म्हणून फक्त फिरायला जाणे पुरेसे नाही. स्नायूवर भार पडला पाहिजे आणि सवय होईल तसा तो वाढलाही पाहिजे. खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे, जिना चढणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे, एवढ्यावर घरच्या घरी सुरुवात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, निदान दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायामही करावा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

व्यायामाला आहाराची जोड हवी. आपल्याकडे वय झाले की रात्री मऊ भात आणि दुपारी चहा-बिस्किटे एवढ्यावर भागवले जाते आणि प्रथिने नेमकी तिथे कमी पडतात. वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने मिळावीत. डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांतून ती मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

उठायला काही कारण असले तरच हे सारे टिकते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. १९४४ मध्ये समता संघ काढला, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. असे आयुष्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. पण बाजारातून भाजी आणणे, नातवाला शाळेत सोडणे, भजनी मंडळाची पेटी सांभाळणे ही कामे घरोघरी असतात आणि मायेपोटी घरचेच ती काढून घेतात. ‘आई, तू बस, मी करते’ हे वाक्य प्रेमाचे असले तरी पायांचे बळ त्यानेच घटते. आजारपणात अंथरुणाला खिळल्यावर तर ते काही दिवसांतच उतरते. घरातल्या वृद्धांना झेपणारे काम त्यांच्याकडेच राहू द्यावे, आणि ते सावकाश झाले तरी मध्ये हात घालू नये.