सूर्य मावळेपर्यंत थांबा

लॉस एंजेलिस सोडून उत्तरेला निघालं की आय-५ महामार्ग डोंगरात शिरतो आणि चढत चढत चार हजार फुटांवरच्या तेहोन खिंडीत पोहोचतो. पलीकडचा उतार इतका सरळ आणि लांब आहे की ट्रकवाले गिअर उतरवून रांगेनं खाली येतात. समोर सेंट्रल व्हॅली पसरलेली असते. पायथ्याशी ९९ क्रमांकाचा रस्ता फुटतो. तो धरला की दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आणि बदामाच्या बागा लागतात, आणि बेकर्सफील्ड जवळ आलं की तेल उपसणारे पंप दिसू लागतात. इथल्या केर्न नदीकाठी १८९९ मध्ये तेल सापडलं, ते अजून निघतं आहे. आम्ही गेलो तेव्हा नदीत मात्र पाणी नव्हतं. डोंगरातून येणारं पाणी कालव्यांनी शेतांकडे वळवलेलं असतं, त्यामुळे गावातलं पात्र वर्षाचा बराच काळ कोरडंच असतं. पुलावरून खाली पाहिलं तर नुसती वाळू आणि खुरटी झुडपं.

माझा भाचा डोंगराच्या अलीकडे, सँटा क्लॅरिटाला राहतो. ऑगस्ट २०१६ मध्ये मी त्याच्याकडे होते, तेव्हाच बातमी आली की ‘बेकर्सफील्ड ब्लेझ’ हा बेसबॉल संघ हा हंगाम संपला की बंद होणार. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमची तिकिटं काढायचं आमचं बोलणं चाललं होतं. तो म्हणाला, “मावशी, डॉजर स्टेडियम तू पुढच्या वेळी आलीस तरी जागेवर असेल. सॅम लिन आत्ताच बघायला हवं.” त्याच्या आवाजात अशी कळकळ होती की मी लगेच हो म्हटलं.

ब्लेझचं मैदान, सॅम लिन बॉलपार्क, १९४१ चं. संघ ज्या कॅलिफोर्निया लीगमध्ये खेळे ती सुरू झाली तीही त्याच वर्षी, आणि बेकर्सफील्ड हा तिच्या मूळ संघांपैकी एक. कोका-कोलाचा इथला बाटली-कारखाना चालवणाऱ्या आणि मुलांच्या बेसबॉलला पैसा पुरवणाऱ्या एका माणसाचं नाव मैदानाला दिलेलं आहे. काउंटीचं वस्तुसंग्रहालय शेजारीच आहे. गाडी उभी करून खाली उतरलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते आणि तरी उन्हाचा चटका जळगावच्या मे महिन्यासारखा. कुंपणाच्या लाकडाचा रंग पापुद्र्यांनी सुटलेला. अॅल्युमिनियमची बाकं इतकी तापलेली की लोक घरून टॉवेल आणून त्यावर बसत होते. तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीनं आमच्यासमोर पटकन तिकिटांचा रोल बदलला आणि म्हणाली, “खेळ जरा उशिरा सुरू होईल. सूर्य.”

तो एक शब्द तिथे पुरतो. सॅम लिनच्या मैदानाचं तोंड पश्चिमेला आहे. बॅटर उभा राहतो आणि पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, पाहतो, तेव्हा पिचरच्या डोक्यामागे थेट मावळता सूर्य असतो. बेसबॉलच्या नियमपुस्तकात दिशेची शिफारस आहे: बॅटर उभा असतो त्या होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी. इथे ती नेमकी उलट गेली. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. आपल्या खेळपट्ट्या उत्तर-दक्षिण असतात त्या यासाठीच. जानेवारी २०१९ मध्ये नेपियरला भारत आणि न्यूझीलंडचा सामना सूर्य फलंदाजांच्या डोळ्यांवर आला म्हणून थांबवला गेला, तेव्हा इकडे सगळ्यांना त्याचं केवढं नवल वाटलं. बेकर्सफील्डमध्ये दर उन्हाळ्यात हेच चालत असे. सामन्याची वेळ सूर्यास्त पाहून ठरवायची, आणि तरीही वाट पाहायला लागली तर पाहायची. पिचर आणि बॅटर यांच्यातलं अंतर साठ फूट सहा इंच. ताशी दीडशे किलोमीटरनं आलेला चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. तो उजेडात हरवला तर माणसाच्या डोक्यावर बसेल. म्हणून पिचरच्या मागच्या बाजूला, सेंटर फील्डच्या भिंतीवर उन्हाला आडवा असा उंच पडदा उभा केला होता, पण ऑगस्टमधला सूर्य त्याच्या कडेनंही शिरायचा.

वाट पाहण्याचा तो वेळ मला त्या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. हजार माणसंही नसतील. मोठ्या स्टेडियममध्ये रिकामा क्षण दिसला की लाउडस्पीकर तो भरून टाकतो. इथे लोक एकमेकांशी बोलत होते. तेलाच्या कंपनीतून निवृत्त झालेले, शाळेतले शिक्षक, लहान मुलांना खांद्यावर घेतलेले मेक्सिकन बाप. खेळाडू कुंपणाला टेकून उभे होते, हातात सूर्यफुलाच्या बियांची पाकिटं. एक मुलगा चेंडूवर सही घ्यायला गेला, तर पिचरनं त्याला चेंडू कसा धरायचा हे दाखवायला घेतलं. शिवणीवर दोन बोटं, अंगठा खाली, मनगट सैल. मुलाची बोटं पुरेनात. पिचरनं ती एकेक उचलून जागेवर ठेवली. त्याला कुठेही जायची घाई नव्हती, कारण सूर्य अजून वर होता.

आमच्या पुढच्या बाकावर सत्तरीच्या एक बाई मांडीवर स्कोअरची वही घेऊन बसल्या होत्या. भाच्यानं काही विचारलं आणि त्या बोलत्या झाल्या. त्यांच्या घरी दर हंगामात संघातला एकजण राहायला येई. या पातळीवरच्या खेळाडूला तेव्हा महिन्याला साधारण बाराशे ते पंधराशे डॉलर मिळत, तेही हंगामापुरतेच. त्या वर्षी सर्वांत वरच्या मेजर लीगमधला किमान वार्षिक पगार पाच लाख सात हजार पाचशे डॉलर होता. बाराशे डॉलरमध्ये घरभाडं निघत नसे, म्हणून गावातली कुटुंबं पोरांना आपल्या घरी ठेवून घेत. “व्हेनेझुएलाचा होता एक. पहिला महिनाभर फक्त अंडी मागायचा, कारण इंग्रजीत तेवढंच येत होतं,” त्या म्हणाल्या. “मग मी स्पॅनिश शिकले.” बोलता बोलता त्यांनी वहीत दोन्ही संघांची नावं लिहून काढली, ओळी आखल्या, पेन्सिलीला टोक केलं.

पावणेआठच्या सुमारास डोंगररांगेमागे सूर्य गेला. टाळ्या झाल्या. पंचांनी हात केला आणि खेळ सुरू झाला.

मायनर लीग म्हणजे मेजर लीगच्या संघांनी पोसलेली शिडी. तळाच्या रूकी लीगपासून ट्रिपल-ए पर्यंत पायऱ्या असतात. कॅलिफोर्निया लीग तेव्हा मधल्या पायरीवर होती आणि ब्लेझ संघ सिअॅटल मरिनर्सचा होता. इथल्या बहुतेक मुलांना वर जायला मिळत नसे. जे जात ते या बाकांसमोरून जात. माइक पियाझा हा खेळाडू मेजर लीगच्या संघांनी केलेल्या १९८८ च्या निवडीत तब्बल ६२ व्या फेरीत घेतला गेला होता, म्हणजे जवळपास कोणालाच नको होता. १९९१ मध्ये तो इथे खेळला, २९ होम रन मारले, आणि मी गेले त्याच वर्षी जुलैमध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. पिचर पेद्रो मार्टिनेझही त्याच उन्हाळ्यात इथे होता. मैदानाची आणखी एक खोड म्हणजे सेंटर फील्डची भिंत होम प्लेटपासून फक्त ३५४ फुटांवर. इतरत्र ती चारशेच्या आसपास असते. पिचर या भिंतीच्या नावानं बोटं मोडत असणार.

मी मात्र पाहत राहिले ते बेस चोरणं. धावणारा पहिल्या बेसपासून दोन-तीन पावलं सरकतो, गुडघे वाकवतो, बोटं हलवत राहतो. पिचर मान वळवून पाहतो. पुन्हा पाहतो. मग पाय उचलतो त्या क्षणी हा दुसऱ्या बेसकडे सुटतो, नव्वद फूट, आणि तिकडे कॅचर उभा राहता राहता चेंडू फेकतो. धूळ उडाली, पंचाचे हात आडवे झाले आणि बाईंनी वहीत एक छोटं अक्षर लिहिलं. “२०१२ साली या पानांना जागा पुरली नव्हती,” त्या म्हणाल्या. त्या वर्षी बिली हॅमिल्टन नावाच्या मुलानं बेकर्सफील्डकडून ८२ सामन्यांत १०४ बेस चोरले. मग बढती मिळून पेन्साकोलाच्या संघात गेला, तिथे आणखी ५१. एकूण १५५. त्याआधीचा मायनर लीगचा विक्रम १९८३ मधला, १४५ चा. बाईंनी ते सगळे १०४ पाहिले नव्हते, पण जे पाहिले ते त्या अजून हातवारे करून सांगत होत्या.

सातव्या इनिंगच्या मध्यात सगळे उठून उभे राहिले आणि ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ गायले. १९०८ चं ते गाणं मला पाठ नव्हतं, शेजारच्या मुलानं मला ओठ दाखवून शब्द सांगितले.

संघ बंद होण्याचं कारण सरळ होतं. १९९० मध्ये मेजर आणि मायनर लीगमध्ये झालेल्या करारात मैदानांसाठी मानकं घातली गेली: दिवे, कपडे बदलायच्या खोल्या, आसनं. देशभर नवी स्टेडियमं उभी राहिली. बेकर्सफील्डमध्येही नव्या मैदानाची योजना जाहीर झाली होती, ती पैशांअभावी बारगळली. जुनं तसंच राहिलं. शेवटी बेकर्सफील्ड आणि अॅडेलँटो या दोन गावांच्या लीगमधल्या जागा देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरोलायना लीगकडे गेल्या. मला त्यातला हिशेब कळतो. तापलेल्या बाकांवर बसवून लोकांना दुप्पट तिकीट लावता येत नाही, आणि ज्यांच्यावर लाखो डॉलर लावलेत त्या मुलांना चांगली खोली, चांगला दिवा मिळायलाच हवा. पण पंचाहत्तर वर्षं एका गावानं स्वतःची घरं उघडून हा खेळ सांभाळला, त्याची कुठल्याही मानकात नोंद नव्हती. ती असायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. २०२१ मध्ये मेजर लीगनं आपल्याशी संलग्न मायनर लीग संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली, तेव्हा अशी आणखी कितीतरी गावं एका फटक्यात बाहेर पडली.

सामना यजमानांनी जिंकला. निघताना भाच्यानं बाईंना विचारलं, पुढच्या वर्षी काय करणार? त्या म्हणाल्या, मागची खोली रिकामी ठेवणार, कोणी ना कोणी चेंडू फेकायला येईलच.

आणि आलेच. २०१७ मध्ये पेकॉस लीग या स्वतंत्र लीगचा ‘ट्रेन रॉबर्स’ संघ सॅम लिनवर खेळू लागला. कुठल्याही मेजर लीग संघाचा त्याला आधार नाही, पगार ब्लेझपेक्षाही तुटपुंजा, आणि याही लीगमध्ये खेळाडूंची सोय गावातल्या घरांतूनच होते. बाईंच्या मागच्या खोलीत कोणीतरी पोर राहून गेलं असेल, आणि त्यांनी त्याला अंड्यांखेरीजही बरंच काही करून वाढलं असेल, असं मी धरून चालले आहे.