माया करपू नये म्हणून

शरीरश्रमांचा शीण डोळ्यांना दिसतो. स्टेशनावर ओझी वाहणारा हमाल घामाने निथळतो, लूमवर बारा तासांची पाळी करून परतलेला कारागीर दारातच अंग टाकतो. त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवावा, हे कोणास सांगावे लागत नाही. परंतु दुसऱ्याचे तान्हे दिवसभर कडेवर वागविणाऱ्या बाईचा शीण कोणाच्या ध्यानी येत नाही. "मुलाशी खेळायचे, त्यात कसले आले कष्ट?" असे आपण सहज बोलून जातो.

धुळे, नंदुरबार, जळगावकडून तापी लाइनने सुरतेस येऊन स्थिरावलेली आपली कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत मोठ्या संख्येने आहेत. पुरुष बहुधा कापडधंद्यात; बायका पुष्कळदा अडाजण, वेसूकडील उंच इमारतींत कामास. दुसरीकडे, आपल्यापैकीच कित्येक घरांत पतिपत्नी दोघेही नोकरीस जातात आणि मूल मावशींच्या स्वाधीन असते. म्हणजे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी आपल्याच घरचा आहे.

आमच्या शाळेतील सातवीची एक मुलगी वरचेवर गैरहजर राहू लागली, तेव्हा आम्ही तिच्या आईस बोलावणे धाडले. तीन निरोपांनंतर ती आली. एका घरी मूल सांभाळावयास सकाळी सातला निघून रात्री साडेआठला परतणारी बाई. ज्या दिवशी तिच्याने वेळेवर उठवत नसे, त्या दिवशी स्वयंपाकपाणी आणि धाकटा भाऊ, सारेच मुलीवर पडे. आम्ही विचारले नव्हते तेही तिने सांगितले : "गुरुजी, आधी त्या बाळाचं मला वेड होतं. आता ते हसलं तरी मला हसू येत नाही. रडलं की कानांवर हात ठेवावेसे वाटतात. आणि घरी गेल्यावर माझंच लेकरू जवळ आलं, तर तेही नको वाटतं." तिला ताप नव्हता, खोकला नव्हता; नेमके काय होते आहे हे तिलाही सांगता येईना.

या अवस्थेस इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. आम्ही त्यास मन करपणे म्हणू. अमेरिकेतील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्या माणसांची दशा त्यांनी जवळून पाहिली होती. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या तीन खुणा नमूद केल्या : शक्ती आटून जाणे, कामापासून मन दुरावणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटना यास रोग म्हणत नाही, तर कामातील दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. हा भेद मोलाचा आहे. सुधारावयाचे असते ते काम; केवळ बाई बदलून भागत नाही.

मूल सांभाळणारीच्या बाबतीत या खुणा ओळखणे अवघड नाही. ती बाळाशी बोलेनाशी होते. गोष्ट सांगण्याऐवजी त्याच्या हाती मोबाइल देते. थोडेसे दूध सांडले तरी संतापते आणि मागाहून स्वतःच रडते. सुटीच्या दुसऱ्या दिवशीही तिचा चेहरा थकलेलाच असतो.

मेवाडच्या पन्ना दाईची कथा आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. राजपुत्र उदयसिंहास वाचविण्यासाठी तिने त्याच्या जागी पोटचा मुलगा निजविला. त्या त्यागापुढे मस्तक नमते. तथापि महिन्याच्या पगारात त्या त्यागाचा अंशही मागण्याचा अधिकार आपणांस नाही. एका घरचे बाळ हसावे म्हणून दुसऱ्या घरच्या मुलीची शाळा बुडावी, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

१९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी जो करार संमत केला, त्यात आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती सांगितली आहे. भारताने त्यावर अद्याप मान्यतेची मोहोर उमटविलेली नाही. पण आपल्या घरी रविवार देण्यास कोणत्या मोहोरेची गरज आहे?

कामाची वेळ ठरवावी आणि पाळावी. मूल सांभाळणारीच्या माथी धुणीभांडी मारू नयेत. दुपारी मूल निजले की तिलाही पाठ टेकू द्यावी. आजारपणात पगार कापू नये. सायंकाळी मूल घेताना दहा मिनिटे बसून दिवस कसा गेला, हे विचारावे. मावशींनाही आमचे सांगणे आहे : चिडचिड वाढली, बाळाचा लळा उणावला, तर तो आपल्या स्वभावाचा दोष मानू नका. वेळीच बोला. चार पैशांसाठी रात्रीचे दुसरे घर धरू नका.

आमच्या सांगण्यावरून त्या बाईने धीर केला. सहाची वेळ आणि रविवार तिला मिळाला. मुलगी नियमित येऊ लागली. आई पूर्ववत झाली, असे मात्र अजून म्हणवत नाही. करपलेले रोप पाणी घालताच हिरवे होत नाही.

माया विकत मिळत नसते. पगाराने मिळतात ते केवळ तास. त्या तासांत माया उतरावी असे वाटत असेल, तर ती जिच्या अंतःकरणातून यावयाची, तिलाही घर आहे, लेकरे आहेत आणि थकवा आहे, हे आपण जाणले पाहिजे.