आवाज चढला की

सोमवार, २ जून
नर्सिंगच्या नव्या बॅचला वॉर्ड दाखवला. शेवटी विचारलं, भीती कशाची वाटते? सलाइन लावायची, मृत्यू बघायची, असं काहीतरी येईल वाटलं. मागून उत्तर आलं, "ओरडण्याची, मॅडम." कुणाच्या? "सगळ्यांच्याच."

बुधवार, ४ जून
आज नाटक. मी सर्जन झाले. "सिस्टर, पोटॅशियम द्या म्हटलं ना? डोकं घरी ठेवून आलात का?" मुलगी "हो सर" म्हणून वळली. तिला थांबवलं. किती द्यायचं, कशात मिसळून, किती वेळात, काहीच विचारलं नव्हतं. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. अपमान एक वेळ गिळता येतो. धास्तीने न विचारलेला प्रश्न पेशंटला भोवतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००८मध्ये त्यांना हेच बजावलं होतं.
दुसऱ्यांदा तीच मुलगी: "सर, डोस सांगा. लिहून घेते आणि वाचून दाखवते." आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं. मला तेवढंच हवं होतं.

शुक्रवार, ६ जून
बोस्टनच्या नर्स-संशोधक मार्था ग्रिफिन यांनी नव्या नर्सना टोमण्यांवरची उत्तरं छापलेली कार्डं दिली होती, ओळखपत्रामागे ठेवायला. २००४मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. आज आम्ही मराठीत कार्डं केली. डॉक्टरांचं कार्ड पटकन झालं. अडलं ते आपल्याच इन्चार्ज सिस्टरच्या कार्डावर. सगळ्यांसमोर "तुला कुणी पास केलं?" म्हटलं तर? बऱ्याच खाडाखोडीनंतर ठरलं: "सिस्टर, चुकलं ते बाजूला घेऊन सांगा, पेशंटसमोर नको." एक सीनिअर म्हणाल्या, पोरींना उलट बोलायला शिकवताय. हो, शिकवतेय!

सोमवार, ९ जून
चिडलेल्या नातेवाइकांना कसं सामोरं जायचं, त्याचा तास. बेड आणि भिंतीच्या बेचक्यात सापडायचं नाही, दार आपल्या बाजूला हवं. हातातली कात्री खाली ठेवायची. शिवीला उत्तर नाही. पेशंटचं नाव घेऊन पुढे काय करणार ते सांगायचं. हात उगारला की निघायचं आणि सिक्युरिटीला बोलवायचं.
रुग्णालयातल्या हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१०चा कायदा मुलींना फक्त डॉक्टरांसाठीच वाटत होता. त्यात नर्सही येतात. हल्ला हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. पण त्यासाठी तक्रार कागदावर हवी. मुलींनो, ती त्याच शिफ्टमध्ये लिहून द्या. दुसऱ्या दिवशी समजूत घालणारेच फार येतात.