कुत्रं आडवं आलं नव्हतं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी मी पाचेक वर्षं थांबलो. त्यातली काही करोनानं घेतली, काही विम्यानं, आणि उरलेली माझी मीच घेतली. पहिल्या दोघांच्या नावानं चार माणसांत मी पुष्कळ बोललो आहे. तिसऱ्याचा हिशेब राहिला होता.

पूर्णा आणि नांदेडच्या मधल्या चुडाव्यात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. बसून करायचा धंदा. पेरणीच्या दिवसांत तर सकाळी टेकलो की रात्रीच उठणं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणं मी फार आधी सोडलं होतं. म्हणजे आधी तिनं मला सोडलं, मग मी तिला. पुढं पूर्ण्याच्या वेल्डरकडून लोखंडी करून घेतली. त्यानं माप घेताना काही विचारलं नाही, याबद्दल मला तो माणूस अजून आवडतो.

फेब्रुवारी 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला मालवाहू विमानानं मुंबईला आणलं, तेव्हा दुकानातल्या टीव्हीपुढं गर्दी जमली होती. वजन पाचशे किलोच्या घरात सांगत होते. क्रेननं पलंगासकट उचलून तिला सैफी रुग्णालयात चढवलं. ते सगळ्यांनी बघितलं आणि मग सगळ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मीही क्रेनच बघत बसलो होतो. बातमीत पुढं असंही होतं, की ऑपरेशन लगेच झालं नाही. जवळपास महिनाभर पातळ आहारावर ठेवून तिचं वजन उतरवलं, आणि मग 7 मार्चला जठराचा भाग काढला. हे कानावरून गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ती अबू धाबीत वारली, ती बातमी तर दुकानात कुणी मोठ्यानं वाचलीही नाही.

मला धीर होता तो नितीन गडकरींचा. त्यांनी 2011 मध्येच हे ऑपरेशन करून घेतलं आणि लपवलंही नाही. मी मात्र ठरवल्या दिवसापासून गावात सांगत होतो, गुडघ्याचं दाखवायला पुण्याला चाललोय. माणूस एवढा मोठा दिसत असताना त्याच्या पोटाचं ऑपरेशन लपणार कुठं? पण सांगायचो.

पुण्याला गेलो ते 2019 मध्ये. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, तो बीएमआय माझा चाळिशीच्या पुढं होता. सर्जननं कागदावर जठराचं चित्र काढून दाखवलं. स्लीव्ह म्हणतात त्या प्रकारात जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी उरते. मला ते चित्र एवढं पटलं, की त्यानंतर ते काय बोलले ते मी नीट ऐकलंच नाही. बोलले ते असं: तंबाखू सोडा. रोज काय खाता ते वहीत लिहा. आणि झोपेची तपासणी करून घ्या, कारण तुमच्या घोरण्यात मधेमधे श्वास थांबतो असं तुमच्या मिसेस सांगतात.

तपासणी केली. श्वास थांबत होता, आणि पुष्कळ वेळा थांबत होता. रात्री नाकाला लावायचं सीपॅप नावाचं मशीन घ्यायला सांगितलं. मी किंमत विचारली. ऐकून मनात डीएपीच्या पोत्यांचा हिशेब मांडला आणि ठरवलं, वजन उतरलं की घोरणं आपोआप थांबणारच आहे, मग चार महिन्यांसाठी एवढा पैसा कशाला अडकवायचा? ऑपरेशन एप्रिल 2020 मध्ये ठरलं होतं. मार्चात रेल्वे बंद झाली, देश बंद झाला, तातडीची नसलेली सगळी ऑपरेशनं पुढं ढकलली गेली. माझं तातडीचं नव्हतं.

उन्हाळ्यातली उधारी तशीच राहिली, आणि त्या पावसाळ्याच्या शेवटी सोयाबीन शेतातच भिजलं. शेतकऱ्याकडे पैसा नाही म्हणजे माझ्याकडे नाही. ऑपरेशनसाठी काढून ठेवलेले दुकानात गेले. तेव्हा विमा काढायचं सुचलं. आधी आरोग्य विम्यात लठ्ठपणाचा खर्च सहसा वगळलेलाच असायचा. 2019 मध्ये विमा नियामकानं त्याच्या अटी नक्की करून दिल्या: बीएमआय चाळीस किंवा त्याहून जास्त, नाहीतर पस्तीस आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर आजार. यात बसायला मला काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त माझ्या पॉलिसीत या ऑपरेशनसाठी तीन वर्षं थांबायचं होतं.

फॉर्ममध्ये रकाना होता, मधुमेह आहे का. एजंट म्हणाला, "गोळी एकच चालू आहे ना, कशाला लिहिता शेठ, हप्ता वाढंल." त्याला दोष देत नाही. बारीक अक्षरं वाचता येणारा माणूस मी होतो. कीटकनाशकाच्या बाटलीवरची वाचूनच मी गिऱ्हाइकाला औषध देतो. 'नाही'वर खूण केली आणि सही केली.

मग सुरू झाली ती तीन वर्षं. परभणी ते मुदखेड रूळ एकेरी होते तेव्हा समोरची गाडी निघून जाईपर्यंत पॅसेंजर स्टेशनात उभी राहायची. लोक खाली उतरायचे, चहा घ्यायचे, भजी खायचे. गाडी आपल्या हातात नाही, तर निदान भजी तरी. मी ती तीन वर्षं तशीच काढली. पुढं तर सगळं बंदच होणार आहे, मग आता खाऊन घ्या, असं मी पहिल्यांदा एका भंडाऱ्याच्या पंगतीत म्हणालो आणि लोक हसले. त्यांना आवडलं म्हणून मी ते जिथं तिथं म्हणू लागलो. हुरड्याला म्हणालो, लग्नात म्हणालो, मटणाच्या पंगतीत दोनदा म्हणालो. 2023 मध्ये श्रावण अधिक आला, म्हणजे धोंड्याचा महिना. आमच्याकडे जावई केसांनी पांढरा झाला तरी सासरी जावईच असतो. पुरणाचे धोंडे, वर तूप, आणि आग्रह करायला मेव्हण्यांची पूर्ण फळी. ऑपरेशन दोन-तीन महिन्यांवर आलं होतं. हे शेवटचे धोंडे म्हणून मी खाल्ले, आणि शेवटचेच म्हणून परत वाढून घेतले.

पण मधलं एक राहिलं. 2021 च्या पावसाळ्यात नांदेडला एक लग्न होतं. जेवण करून दुपारी बायकोला मागं बसवून मोटारसायकलवर परत येत होतो. पाऊस नव्हता, रस्ता मोकळा होता. लिंबगाव मागं पडल्याचं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते रस्त्याच्या कडेची माती, आणि तिचा आवाज. गाडी हळू होती म्हणून वाचलो. मला खरचटलं. तिचं उजवं मनगट मोडलं.

लोक धावत आले. कुणीतरी विचारलं, काय झालं हो? मी म्हणालो, कुत्रं आडवं आलं.

ते इतकं सहज तोंडातून निघालं, की क्षणभर मलाच ते कुत्रं दिसलं. हाडाच्या डॉक्टरला तेच सांगितलं. गावात तेच सांगितलं. चौथ्या दिवशी दुकानात एकानं ते कुत्रं कोणत्या आखाड्यावरचं, हेसुद्धा सांगितलं. त्याचा म्हणे आधीपासूनच तसा नाद होता. मी मान डोलावली. बायको काही बोलली नाही. हात गळ्यात बांधून ती समोर बसलेली असायची आणि मी लोकांना कुत्र्याचा रंग सांगायचो.

मला माहीत होतं काय झालं ते. दुकानात बसल्या बसल्या डोळा लागायचा, बोलता बोलता लागायचा, तसाच तिथं लागला. रात्रभर श्वास अडकून अर्धवट झोपलेला माणूस दिवसा असाच कुठंही झोपतो, हे पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं. तरी मशीन आणलं नाही. तेव्हा आणलं असतं तर कुत्रं खोटं ठरलं असतं.

तिचं मनगट पूर्ण वळत नाही. भाकरी थापता येत नाही. ज्वारीच्या मुलखात हे काय असतं, ते मला पुण्यातल्या कुणाला समजावता आलं नाही.

2023 ची दिवाळी झाल्यावर, विम्याची मुदत पुरी झाली तसे आम्ही पुण्याला गेलो. जाताना रात्रीच्या गाडीत बसून मी आहाराची वही लिहिली, मागच्या सगळ्या महिन्यांची, दोन रंगांचे पेन वापरून. आहारतज्ज्ञ बाईंनी ती चाळली आणि विचारलं, "दिवाळीत सुद्धा मूग आणि काकडी?" मग काट्यावर उभं केलं. 2019 पेक्षा वजन बरंच वर होतं. त्यांनी वही मिटून मला परत दिली.

सर्जननं सोनोग्राफी बघितली. यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो. त्यात चरबी साठली की तो जड होतो, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये उचलून धरता येत नाही आणि खालचं दिसत नाही. म्हणून आधीचे आठवडे कमी खायचं असतं. ती काही शिक्षा नसते. मग भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी मशीनबद्दल विचारलं. किती महिने वापरताय? मी सांगायला सुरुवात केली की दिवसा मला तसा काही त्रास नाही.

"कुत्रं नव्हतं, डॉक्टर," बायको म्हणाली.

त्यांना काही कळेना. तिनं उजवा हात पुढं करून दाखवला. "गाडी चालवता चालवता हे झोपले होते. मला मागं बसून यांचं घोरणं ऐकू आलं होतं."

अडीच वर्षं तिनं ते ठेवलं होतं. परतीच्या गाडीत मी विचारलं, घरी का नाही बोललीस? ती म्हणाली, "तुम्ही इतकं मन लावून सांगायलाव म्हटल्यावर मी कशाला मोडू?"

मशीन नियमित वापरल्याशिवाय भूल द्यायला त्या तयार नव्हत्या. म्हणजे जे ऑपरेशननंतर लागणार नाही म्हणून मी टाळलं, तेच ऑपरेशनसाठी आधी लागत होतं. आणि त्याच आठवड्यात विम्याचं उत्तर आलं. त्यांनी जुने कागद मागवले होते. 2019 च्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, साखर, आठ वर्षांपासून. कॅशलेस नामंजूर. खरं लिहिलं असतं तर हप्ता वाढला असता. थांबणं फारसं वाढलं नसतं. पूर्ण्यातला एक प्लॉट विकला. त्याच्या पुढच्या वर्षभरात तिथला भाव काय झाला, ते मी विचारत नाही, लोक आपणहून सांगतात.

मशीन आणलं. पहिल्या रात्री ते तोंडावर बांधून झोपलो, तर सकाळी नातू दारातच उभा राहून बघत होता. आठवड्याभरात दुपारची पेंग गेली. दुकानाच्या उधारीच्या वहीतल्या माझ्या चुका मला तेव्हा दिसू लागल्या. बेरजासुद्धा मी झोपेत करत होतो. खरी वही लिहिली, ती वाचायला फार वाईट होती. तंबाखूला मात्र वेळ लागला, आणि त्याबद्दल मी इथं फुशारकी मारणार नाही.

ऑपरेशन 2024 मध्ये झालं. गावात खरं सांगितलं. लोकांना आश्चर्य वाटलं नाही, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. आता वाटीभर जेवतो, पाणी जेवणाबरोबर घेत नाही, बी-12 आणि लोहाच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. वजन उतरलं, गुडघे खरंच बरे झाले. साखरेची गोळी कमी झाली, सुटली नाही. साखर जितकी जुनी, तितकी ती या ऑपरेशननंतर पूर्ण सुटणं अवघड, असं सर्जन म्हणाले. 2020 मध्ये सुटली असती का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. करोनाचं वर्ष माझ्या हातात नव्हतं. त्यानंतरच्यांचं तसं म्हणता येत नाही.

गेल्या खेपेला नवीन पॉलिसीसाठी दुसऱ्या एजंटनं फॉर्म आणला. आजारांच्या रकान्यात जागा पुरेना, म्हणून मी मागच्या पानावर लिहीत गेलो. तो म्हणाला, "शेठ, एवढं सगळं लिहिलं तर कंपनी घेईल का?" मी म्हणालो, नाही घेतलं तर नाही. बायकोनं फॉर्म हातात घेऊन वाचला आणि विचारलं, "घोरणं लिहिलं का?"

राहिलं होतं. लिहिलं.