उन्हाळ्यात उघड्यावर राहायला येतेस तर

माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव
१८ एप्रिल

चि. सौ. माय,


तू मोबाइलवर पाठवलेली सामानाची यादी दोनदा वाचली, मग तुझ्या मामीलाही वाचून दाखवली. तंबू, हवा भरायच्या गाद्या, घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, गॅसची शेगडी, चार दिवे, प्रत्येकाचे सहा जोड कपडे. मे महिन्यात तीन रात्री माकणीला उघड्यावर राहायचं आणि लेकरांना आकाश दाखवायचं असं तू ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. उन्हाळ्यात आमच्याकडे मुद्दाम कुणी येत नाही. म्हणून फोनवर उरकलं नाही, लिहायलाच बसलो. इथे तुला दिवसा सावली लागेल, रात्री वारा लागेल आणि पाणी अष्टौप्रहर लागेल. ही तीन आधी ठरव. बाकीची यादी मग आपोआप लहान होते.

उघड्यावर राहणं आम्ही कसं शिकलो हे तुला कधी नीट सांगितलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा तू पहिलीत होतीस, पुण्यात. त्याआधी आमचा उन्हाळा माळवदावर जायचा. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. भर दुपारी खाली घर गार असायचं आणि रात्री वर बाजा टाकल्या की पहाटे वाकळ ओढून घ्यावी लागायची. पण गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची, तो थर वर्षानुवर्षं वाढत गेला आणि त्या रात्री तोच माणसांच्या अंगावर आला. किल्लारी, सास्तूर आणि तेरणेकाठची कितीतरी गावं काही सेकंदांत मातीखाली गेली. आपल्या घराच्या भिंती फुटल्या, माणसं वाचली. पुढे धक्के येतच राहिले, घरात झोपायचा धीर कुणाला होईना. आधी झाडाखाली, मग ताडपत्रीखाली आणि नंतर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही राहिलो.

१९९४ चा उन्हाळा त्या पत्र्याखाली काढला. सकाळी नऊलाच पत्रा तापायचा आणि बारा वाजता आत उभं राहवत नसे. बायाबापड्यांनी पहिल्या पंधरा दिवसांतच त्यावर उपाय शोधले. पत्र्यावर तुराट्या आडव्या घातल्या आणि त्यावर कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या. ऊन कडब्यावर पडायचं, मधल्या फटीतून वारा जायचा आणि पत्रा तेवढा तापायचा नाही. दारापुढे मांडव घातला, दाराला ओलं गोणपाट लावलं. दुपारी शेडमध्ये कुणी बसायचंच नाही, सगळ्यांनी लिंबाखाली. संध्याकाळी अंगणात सडा मारायचा आणि मग बाजा बाहेर काढायच्या. हवा कोरडी असली की पाणी उडून जाताना गारवा देतं. हे कोकणात चालत नाही, तिथे हवाच ओली असते. आपण बालाघाटच्या पठारावर आहोत. दिवसा पारा चाळिशी गाठतो, पण अंधार पडला की दोन-तीन तासांत जमीन निवते.

तुझा तंबू याच नजरेने बघ. तो नायलॉनचा आहे, दिवसा त्यात बसणं म्हणजे त्या पत्र्याखाली बसणं. तो फक्त रात्रीसाठी. वरचं पावसाचं कापड आभाळ निरभ्र असेल तोवर काढून ठेव, नुसती जाळी राहू दे. ज्याच्या पूर्वेला झाड आहे अशी जागा धर. सहालाच ऊन अंगावर आलं तर लेकरं पावणेसातला घामाघूम होऊन उठतात. पूर्वेला कडुनिंब असला की आठपर्यंत झोपतील. मे महिन्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्या बाजूला जाळीचं दार कर. तंबूच्या वर दोन हातांवर एक जाड सुती चादर किंवा ताडपत्री झाडांना ताणून बांधायची. चादर आणि तंबू एकमेकांना चिकटता कामा नयेत, मधून वारा गेला पाहिजे.

खुंट्यांचा प्रश्न वेगळा आहे. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तुझ्या त्या बारीक खुंट्या तिथे धरणार नाहीत. त्या भेगांत विंचूही असतो. म्हणून काळ्या रानात झोपायचं नाही. आपल्या विहिरीजवळ मुरमाड उंचवटा आहे, तिथे तंबू लाव आणि दोर मोठ्या दगडांना बांध. बारा-पंधरा हात चांगला दोर मात्र घेऊन ये. यादीत तो नव्हता आणि यादीतल्या निम्म्या वस्तूंपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

तुला धरणाच्या काठावर राहायचं होतं, तिथे मी नाही म्हणतो. मे महिन्यात निम्न तेरणा धरणाचं पाणी आत सरकतं आणि उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की गुडघाभर आत जातो. तिथे एकट्यादुकट्याने उतरायचं नाही, पोहायचं तर मुळीच नाही. जागा पाटबंधारे खात्याची आहे आणि पाणी लोकांच्या पिण्याचं आहे, काठावर साबण लावून आंघोळी करायच्या नाहीत. सकाळी सहाला आपण सगळे चालत जाऊ. पाणी हटलं तिथे काहींनी गाळपेर केलेली असते, ती लेकरांना दाखवू. पक्षी बघून आठच्या आत परत.

रात्रीच्या आकाशासाठी अमावास्येच्या आसपासच्या तारखा धर, चांदण्यात निम्मे तारे दिसत नाहीत. मे महिन्यात जेवणं होईपर्यंत सप्तर्षी उत्तरेला वर आलेले असतात आणि पुढे आग्नेयेला विंचवाची आकृती चढू लागते. आकाशगंगा मध्यरात्रीनंतर दिसते. थोरल्याला उठवायचं काम माझं. दिवे चार नकोत, दोन पुरेत, त्यातल्या एकाला लाल कागद लाव म्हणजे डोळे दिपत नाहीत.

आता जमिनीवरच्या विंचवाबद्दल आणि सापाबद्दल. हे वाचून घाबरू नकोस, पण वाच. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, त्यामुळे झोपेतल्याला कळतही नाही. म्हणून हवेच्या गाद्या पुण्यातच ठेव. तुमच्यासाठी बाजा आहेत, त्यांना मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचू. तंबूत झोपलात तर त्याची चेन पूर्ण बंद, एक बोट फटही नको. बूट रात्री पिशवीत घालून टांगायचे, सकाळी झटकून घालायचे. अंधारात अनवाणी पाऊल टाकायचं नाही. काही चावलंच तर बांधाबांध, कापाकापी, मंत्र यांत एक मिनिट घालवायचं नाही. हातपाय हलू न देता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना, सर्पदंशावरची लस तिथे मिळते. विंचवाच्या दंशाने पूर्वी लेकरं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध त्यावर वापरलं आणि ते मरण खूप कमी झालं. वेळेत पोचलं की लेकरू वाचतं, एवढं लक्षात ठेव.

शेकोटी नाही. यावर मी वाद घालणार नाही. शेजारच्या रानात कडब्याच्या गंज्या रचलेल्या असतात, तो जनावरांचा वर्षाचा चारा असतो. एक ठिणगी पुरते.

आणि वळवाचा पाऊस. मे महिन्यात तो दुपारी चारनंतर अचानक येतो, आधी धुळीची वावटळ, मग वीज. झाडाखाली आपण दिवसभर बसणार आहोत, पण ढग काळे झाले की तेच झाड सर्वांत आधी सोडायचं. मराठवाड्यात दर वर्षी विजेने माणसं जातात, त्यांतली कितीतरी झाडाखाली उभी असतात. गाडी जवळच उभी करू, काचा लावून तिच्यात बसायचं, नाहीतर पक्क्या घरात. पुण्याच्याच उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलेलं दामिनी नावाचं ॲप मोबाइलवर घालून ठेव, जवळपास वीज पडण्याचा धोका असला की ते इशारा देतं.

पाण्यासाठी बर्फाची पेटी आणू नकोस. ती डिकीतली निम्मी जागा खाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्यात कोमट पाणी उरतं. इथे दोन माठ भरलेले असतील. प्रवासात छागल मिळाली तर घे. पूर्वी एसटीच्या खिडकीबाहेर आणि बैलगाडीच्या जुवाला ती लटकलेली असायची. जाड कापडातून पाणी पाझरतं, वारा लागतो आणि आतलं पाणी गार राहतं. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पिण्याचं पाणी धर. लेकरं मागायची वाट बघायची नाही, दर अर्ध्या तासाला चार घोट द्यायचे. साखर-मीठ-पाण्याचं माप पाठच कर: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कुणाचं अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं की सावलीत निजवून अंग ओल्या कापडाने पुसायचं, वारा घालायचा आणि १०८ लावायचा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

खायला दुकानातली पाकिटं कमी आण. वाटेसाठी दशम्या कर. दुधात पीठ भिजवल्यामुळे त्या दोन दिवस मऊ राहतात. सोलापुरात कडक भाकरी घे, ती बरेच दिवस टिकते, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी. भात, बटाट्याची भाजी गाडीत ठेवायची नाही, तापलेल्या डिकीत चार तासांत आंबते. इथे आल्यावर तुझी मामी धपाटे, ताक आणि कैरीचं पन्हं यांत काही कमी पडू देणार नाही.

सामान बांधायची विद्या कुणाकडून शिकायची असेल तर ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांकडून. आपल्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ती निघतात, सहा महिन्यांचा संसार एका बैलगाडीत किंवा ट्रॉलीत मावतो. मी लहानपणापासून ते भरणं बघत आलो आहे. जे सगळ्यात शेवटी लागणार ते तळाला जातं. उतरल्याबरोबर लागणारं, म्हणजे पाण्याची घागर, भाकरीचं गाठोडं, कोपी, म्हणजे राहायची झोपडी, उभारायचं कापड आणि कोयता, सगळ्यात वर. अंधारात पोचलं तरी एका हाताने सापडतं. त्यांच्या संसाराला हौसेचा प्रवास म्हणावं असं मला वाटत नाही, ते पोटासाठीचं जाणं आहे. पण बांधणीतली त्यांची अक्कल आपण आदराने घ्यावी.

तसंच तू भर. माणशी एकच पिशवी आणि लेकरांची त्यांनीच उचलायची. उचलता आली नाही तर ती जड आहे, कमी कर. कपडे तीन जोड पुरेत: एक अंगावर, एक वाळत, एक रात्रीचा. इथे पिळून टाकलेला सदरा तासाभरात वाळतो. सगळे सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे आणि फिके. प्रत्येक जोडाची एकत्र गुंडाळी कर, म्हणजे एक हवा तेव्हा सगळी पिशवी उपसावी लागत नाही. जाड टॉवेलाऐवजी माणशी दोन पंचे. पंचा डोक्याला बांधता येतो, भिजवून मानेवर घेता येतो, गाळणं होतो, झोळी होतो आणि लगेच वाळतो. माणशी एक जाड चादर हवीच, पहाटे तुम्हाला थंडी वाजेल. विजेरी, औषधं, शिट्टी, आगपेटी आणि मोबाइलची जादा बॅटरी एका छोट्या पिशवीत, ती सतत तुझ्या खांद्याला. ती बॅटरी उभ्या गाडीत उन्हात ठेवायची नाही. लेकरांना तर बंद गाडीत एकटं पाच मिनिटंही ठेवायचं नाही, सावलीत असली तरी.

घडीच्या खुर्च्या, शेगडी, भांडी, गाद्या, बर्फाची पेटी हे सगळं राहू दे. यादीत माझ्या हिशेबाने दहा-बारा वस्तू उरतात.

पुण्याहून पहाटे चारला निघ, अकराच्या आत पोचशील. सोलापूरच्या पुढचा रस्ता भर उन्हात लेकरांना घेऊन कापू नकोस. नळदुर्गचा किल्ला येताना बघायचा मोह टाळ. त्याचा दगड दुपारी तव्यासारखा तापतो आणि नर-मादी धबधबे तर पावसाळ्यातच वाहतात. परतीच्या दिवशी इथून उजाडताच निघालात तर सकाळच्या गारव्यात किल्ल्यातला, इब्राहिम आदिलशहाच्या काळातला पाणीमहाल शांतपणे बघता येईल.

जावईबापूंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. तारीख पक्की झाली की आठ दिवस आधी कळव. नवा माठ आणायचा आहे, तो दोन दिवस भरून ठेवल्याशिवाय पाणी गार करत नाही.

तुझा,
मामा