उजनीतले देशी मासे एकट्या चिलापीने संपवले का?

'चिलापी आली आणि देशी मासे गेले.' भिगवण, इंदापूर, करमाळा, उजनीच्या कुठल्याही काठावर जा, हे वाक्य ऐकायला मिळतंच. बातमीच्या निमित्ताने वीसेक वर्षं या काठाने फिरतोय, मीही शंभर वेळा ऐकलंय. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. आणि उरलेलं अर्धं आपल्याला अडचणीचं आहे.

आधी चिलापीचं बघू. मूळची आफ्रिकेतली, भारतात आणली १९५२ साली. नर तळाच्या गाळात ताटलीसारखा खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि उचलून तोंडात धरते. पिल्लं पोहायला लागेपर्यंत ती तोंडातच. वर्षातून अनेकदा वीण. शेवाळ, किडे, दुसऱ्यांची अंडी, जे मिळेल ते खाते. अशा माशापुढे वर्षातून एकदा, पावसाळ्यात अंडी घालणारा देशी मासा कसा टिकणार?

आता आपलं बघू.

१९८० च्या सुमाराला धरण झालं, सुमारे ११७ टीएमसीचं. वाहती भीमा तुंबली. वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या माशांचं घर तिथंच मोडलं. आहेर तर समुद्रात जन्मते आणि नदीने वर येते, तिच्या वाटेत भिंतच उभी राहिली. त्यात दरवर्षी आवर्तनं सुटतात, पाणी झपाट्याने उतरतं आणि उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' ही आमची ठरलेली बातमी. पाणी असं उतरलं की काठच्या गवतात घातलेली अंडी कोरडी पडतात. चिलापीची अंडी मात्र तोंडात असतात. पाणी सरकलं की तीही सरकते.

मग वरून येणारं पाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. त्या खतावर शेवाळ आणि जलपर्णी माजते. रात्री हेच शेवाळ पाण्यातला ऑक्सिजन ओढतं, पहाटे इतर मासे गुदमरतात. चिलापी तेवढ्यातही तग धरते. भरीला मच्छरदाणीसारखी बारीक जाळी, ज्यात बोटाएवढी पिल्लंही सुटत नाहीत.

म्हणजे धरण, सांडपाणी, जाळी आणि चिलापी, चौघे एकाच वेळी. यातल्या कुणी किती नुकसान केलं हे ठरवायला मोजावं लागतं. घाण पाण्याचा भाग आणि बऱ्या पाण्याचा भाग निवडायचा. चिलापी फार आहे तिथं आणि कमी आहे तिथं, तेच जाळं, त्याच हंगामात, दरवर्षी टाकायचं. जात, वजन, पोटात काय सापडलं ते लिहायचं. असं काही वर्षं केलं की चित्र दिसतं.

हे कशाला हवं? उपाय चुकू नये म्हणून. विदेशी मांगूरवर बंदी आहे. २०१९ मध्ये हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात त्याची तळी नष्ट करण्यात आली. तळ्यातला मासा खड्डा खणून पुरता येतो. ११७ टीएमसीतली चिलापी कशी पुरणार? आणि आज काठावरच्या कित्येक चुली तिच्यावरच पेटतात. तिला शिव्या देऊन मच्छीमाराचं पोट भरत नाही आणि सांडपाणीही थांबत नाही. उलट सगळा दोष माशावर गेला की वरच्या शहरांना कुणी काही विचारत नाही.

मी एका सरकारी कार्यालयात जातवार आकडे मागितले होते. मिळाला एकूण उत्पादनाचा एक कागद. मरळ किती, वाम किती, शिंगाडा किती, काही नाही. एकूण आकडा वाढला की कागदावर सगळं छान. त्या आकड्यात वाम संपली तरी कळत नाही.

पण आकडे आहेत, मंडळी. बाजारात मासा जातवार वेगळा करूनच लिलावाला लागतो, कारण भाव वेगळा. म्हणजे मोजणी रोज होतेय, आडत्याच्या वहीत. ती वही फक्त व्यवहार मिटेपर्यंत जपली जाते.

कुणाच्या माळ्यावर जुन्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका. निदान पानांचे फोटो काढून ठेवा. आपल्या भागातल्या कॉलेजांतले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हे वाचत असतील तर मुलांना आठवड्यातून एक दिवस लिलावाला पाठवा, जातवार वजनं लिहू द्या. खर्च एसटीच्या तिकिटाएवढा. पुढच्या वेळी पाणी हिरवं झालं की निवेदनासोबत जोडायला आपल्याकडे कागद असेल.

शेवटची वाम तुमच्या जाळ्यात किंवा ताटात कधी आली होती? साल आणि गाव कमेंटमध्ये लिहा. मी यादी करतोय.