बायलाइन

गेल्या महिन्यात माझी स्टोरी छापून आली, नाव मात्र दुसऱ्याचंच! जाम वैतागले आणि बॅग भरून थेट गंगाखेडला, आजीकडे.

गोदाकाठचं हे गाव संत जनाबाईंचं. लहानपणीच ती पंढरपूरला, नामदेवांच्या घरी कामाला गेली. दळण, कांडण, शेणी वेचणं... वीकेंड वगैरे विसराच! जात्यावर विठ्ठलच दळू लागायचा, ही आजीची पक्की श्रद्धा.

माझं रडगाणं ऐकून आजी म्हणाली, 'दासीच व्हती की ती. पण अभंगाच्या शेवटी आपलं नाव घातल्याबिगर राहिली का?'

खरंच की! सातशे वर्षं झाली, 'जनी' ही बायलाइन कुणालाच खोडता आली नाही.

परतल्यावर पहिला फोन एडिटरला केला. या वेळी आवाज थरथरला नाही.